सोलापूरसारख्या कोरड्या शहरात मुलाला निसर्ग दाखवायला न्यायचं कुठे?

तुमचा मुलगा चौथीत आहे, जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहता, शाळा सुटली की हातात मोबाईल. इथे बघण्यासारखं काहीच नाही, तर मे महिन्यात महाबळेश्वरच्या शिबिराला पाठवू का, असं तुम्ही विचारलंय.

पाठवा की. मजा येईल त्याला. पण आठ दिवसांनी तो परत जुळे सोलापुरातच येणार, आणि निसर्ग म्हणजे सुट्टीत गाडीत बसून बघायला जायची गोष्ट, हे त्याच्या डोक्यात पक्कं होणार. आपल्याला हिरवं दिसलं तरच निसर्ग वाटतो. आपला माळ तर वर्षातले बरेच महिने पिवळा असतो, म्हणून तो 'पडीक' ठरतो. गडबड तिथे आहे.

मीसुद्धा आधी मोठ्याच गोष्टीच्या मागे लागलो होतो. मुलगी तेव्हा तिसरीत. नान्नजचं माळढोक अभयारण्य, 1979 साली जाहीर झालेलं, बार्शी रस्त्याने शहरापासून वीसेक किलोमीटर. आठवडाभर तिला रंगवून सांगत होतो: मीटरभर उंच पक्षी, वजन बारा-पंधरा किलोपर्यंत, एका वेळी बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला उठवून नेलं. माळढोक दिसला नाही. दिसणं अवघडच होतं, इतके कमी उरलेत. ते मला माहीत होतं आणि तिला सांगितलं नव्हतं, ही चूक माझी. लांब काळविटांचा कळप होता, पण दुर्बीण तिच्या डोळ्याला बसेना. "बाबा, घरी जाऊ की" सुरू झालं.

परत निघताना चहाच्या टपरीमागे, लिंबाखालच्या भुसभुशीत मातीत तिला खड्डे दिसले. रुपयाएवढे, नरसाळ्यासारखे, अगदी कंपासने आखल्यासारखे गोल. एक मुंगी कडेवरून घसरली. वर चढायला लागली तशी खालून कुणीतरी तिच्यावर माती उडवली. परत घसरली. परत माती. तिसऱ्या वेळी मुंगी गायब! पोरगी पालथी झोपली तिथेच. चहा दोनदा झाला तरी उठेना. शेवटी काडीने एक खड्डा उकरून तो किडा तळहातावर घेतला: करडा, फुगीर, जबडा चिमट्यासारखा, आणि चालतो उलटा, मागे मागे. ही अळी आहे, पुढे तिला पंख फुटून चतुरासारखा कीटक होतो, हे मलाही घरी येऊन वाचल्यावर कळलं. परिसर अभ्यासाच्या वहीत अन्नसाखळीचे बाण तिने काढले होतेच. पण घरी आल्यावर आजीला तिने साखळी नाही, मुंगीची गोष्ट सांगितली.

तेव्हापासून आम्ही मोठा प्राणी शोधत फिरणं सोडलं. एकच जागा धरली, हिप्परग्याच्या तलावाकडची, आणि महिन्यातून दोनदा तिथेच जातो. थंडीत तिथे हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस बघितलेत. पण तिला जास्त आवडते ती विहिरीवर वाकलेली बाभूळ. पावसाळ्यात तिथे सुगरणीची घरटी लटकतात. नाव सुगरण, पण विणतो नर. अर्धवट विणलं की मादी येऊन तपासते, पसंत नसेल तर तो दुसरं सुरू करतो. असंच एक टाकून दिलेलं, खाली पडलेलं घरटं आम्ही शेजारच्या आजोबांना नेऊन दाखवलं. त्यांची हयात शहराच्या पूर्व भागात मागावर कापड विणण्यात गेलेली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते बोटांत फिरवलं, एक गाठ नखाने उचकटून बघितली आणि म्हणाले, "ह्याला ताणाच नाही गं. नुसत्या बाण्यावर उभं केलंय." मग तासभर ते तिला ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे, हे दोऱ्याने दाखवत बसले. तो तास कुठल्या शिबिरात मिळाला असता काय की.

बाकी थोडक्यात. मार्चनंतर सकाळी आठच्या आत परत या, आपलं ऊन पोरांना झेपत नाही. पायात बूट हवेत, आणि दगडाखाली हात घालायचा नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. माळावर फुरसं असतं, घोणसही. "हा कुठला पक्षी, सांग बघू" अशी परीक्षा घेऊ नका, नाहीतर ती दुसरी शाळा होते. डोळ्यांची काळजी असेल तर तेही सांगतो: दिवसाउजेडी बाहेर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचं धूसर दिसून चष्मा लागण्याचं प्रमाण कमी दिसतं. आणि अक्कलकोटकडे कुणाचं शेत ओळखीचं असेल तर वेळ अमावास्येला, म्हणजे शेतात जाऊन जेवायच्या सणाला, बोलावून घ्या, लाजू नका. भज्जी-आंबील खाऊन पोरगं दिवसभर ज्वारीत हुंदडेल.

पहिली फेरी दिवाळीनंतर करा, गवत वाळलेलं असतं तेव्हा. घरी आलात की त्याच्या मोज्यांना कुसळं चिकटलेली असतील. ती कचऱ्यात टाकू नका. एक लांब कुसळ त्याच्या तळहातावर ठेवा, वर पाण्याचा थेंब सोडा आणि गप्प बसा. मिनिटभरात पीळ सुटून ते आपोआप गरगरायला लागतं. पावसात ते असंच फिरत बी मातीत घुसवतं, हे लगेच सांगू नका, त्याला विचारू द्या.