युद्ध सुरू आहे, मुलाला काय सांगू?

"आम्ही घरात युद्धाचं नावसुद्धा काढत नाही, तरी हा बूट घालून झोपतो." मुलाला घेऊन माझ्याकडे आलेली आई सांगत होती. नवरा सीमेवर, घरी सासू आणि हा सात वर्षांचा मुलगा. कधीच सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालेलं. अशा दिवसांत बहुतेक आया हेच विचारतात: मुलांना सांगावं की लपवावं?

मी आधी मुलालाच विचारलं, "बाबा कुठे आहेत रे?" चित्र रंगवता रंगवता तो म्हणाला, "मी त्यांच्या घड्याळाची काच फोडली ना, म्हणून ते येत नाहीत."

आई अवाक् झाली. फोन आला की ती न्हाणीघरात जाऊन बोलायची. आजी टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायची. उरलेली गोष्ट त्याने स्वतःच जुळवली होती. या वयात न कळलेल्या गोष्टीचं खापर मुलं सहज स्वतःवर फोडून घेतात. शिवाय एकच स्फोट पडद्यावर दहादा दिसला, तर लहान मुलाच्या लेखी ते दहा स्फोट असू शकतात.

"बाबांना काही होणार नाही, असं वचन मात्र देऊ नका," हे माझं सांगणं तिला जड गेलं. मलाही ते सांगताना बरं वाटत नाही. पण जे आपल्या हातात नाही, त्याचं वचन कसं द्यायचं? त्याऐवजी आम्ही चार वाक्यं ठरवली: बाबा कामावर आहेत. काम धोक्याचं आहे, पण ते त्यात तयार आहेत. तुझ्यामुळे ते गेलेले नाहीत. मी तुझ्याजवळ आहे.

यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, सप्टेंबर १९३९ मध्ये, ब्रिटनने बॉम्बहल्ल्यांच्या धास्तीने काही दिवसांत सुमारे १५ लाख लोक शहरांबाहेर हलवले, त्यात बहुसंख्य मुलंच होती. त्याच युद्धात लंडनमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांना दिसलं, की आई जवळ असली तर मुलं बॉम्बहल्लेही बरेच निभावून नेतात. तिच्यापासून तुटणं त्यांना जास्त जड जातं. म्हणजे आईने रडायचंच नाही असं नव्हे. "बाबांची आठवण येते" म्हणून ती समोर रडली तर मुलाला कळतं. दार लावून रडली तर तो अंदाज बांधत बसतो.

बूट कशाला, तर "पळावं लागलं तर." ते काढून घ्यायचे नाहीत, पलंगाखाली ठेवायचे, असं तिघांच्या संमतीने ठरलं. अंथरुणावरून रागवायचं नाही, हे आजीला वेगळं सांगावं लागलं. महिनाभरात फरक पडला नाही, किंवा खाणं-खेळणं सुटलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, हेही सांगून ठेवलं.