शूटर जोखताना आधी फ्री थ्रो बघा

एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टसाठी (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) कॉलेजचा शूटर, म्हणजे लांबून बास्केट करणारा खेळाडू, जोखताना थ्री-पॉइंटच्या (लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या, तीन गुणांच्या शॉटच्या) टक्केवारीवर लगेच भाळू नका. हंगामात अनेकांचे जेमतेम 100-120 प्रयत्न होतात. चार-पाच चेंडू इकडचे तिकडे झाले की 34 चे 38 टक्के होतात. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर ठरलेल्या जागेवरून कुणी न अडवता मारायचे शॉट, जास्त खरं बोलतात. पुढे एनबीएत चांगला थ्री मारू लागलेला कवाय लेनर्ड 2011 च्या ड्राफ्टमध्ये 15 वा निवडला गेला, तेव्हा त्याचे थ्री 30 टक्क्यांच्या खाली होते, फ्री थ्रो मात्र 75 च्या आसपास.

शिवाय कॉलेजची थ्री-पॉइंट रेषा बास्केटपासून 22 फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएची समोरून 23 फूट 9 इंचांवर. म्हणून व्हिडिओत रेषेच्या दोन फूट मागून घेतलेले शॉट वेगळे मोजा. आणि वय! 19 व्या वर्षीचे 18 गुण आणि 23 व्या वर्षीचे 18 गुण एका तराजूत घालू नका.