वाचकांचे प्रश्न : कच्ची लोकर घरी आणताना

प्रश्न : आमचं गाव माण तालुक्यात. भावकीतल्या मेंढरांची कातरणी झाली की आठ-दहा किलो लोकर आम्हाला देऊ म्हणतात, एरवी ती पडूनच राहते. आईला टकळीवर सूत काढता येतं. लोकर निवडताना काय पाहावं आणि मुंबईला आणावी कशी? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमत असेल तर धुणं गावीच उरका आणि डोंबिवलीला कोरडी, निवडलेली लोकर आणा. भिजवणं, साबणाचं पाणी आणि दोनदा खळबळणं धरलं तर किलोमागे दीडशे लिटरच्या आसपास पाणी जातं. तासभर पाणी येणाऱ्या इमारतीत दहा किलोंचा हिशेब तुम्हीच करा. कातरणीआधी मेंढरं ओढ्यात धुतली गेली असतील तर निम्मं काम झालंच म्हणायचं. तसं आधीच सांगून ठेवा.

निवड कातरणीच्या जागीच करावी. खाली ताडपत्री किंवा जुनी चादर अंथरायला सांगा, नाहीतर माती आणि काडीकचरा लोकरीत मिसळतो. पोटाखालची, पायांची आणि शेपटीखालची लेंड्या चिकटलेली लोकर बाजूला काढा. पाठीची आणि खांद्याची ठेवा. काळी, पांढरी, तपकिरी तिथेच वेगळी करा. पांढऱ्यात गेलेले काळे केस नंतर वेचून होत नाहीत. एक बट दोन्ही हातांनी धरून कानाजवळ ताणा. तुटली तर मेंढी आजारी किंवा उपाशी असताना ती लोकर वाढलेली असते. सूत काढताना ती जागोजाग तुटेल. एकाच जागी दोनदा कातर फिरली की बोटभरही नसलेले तुकडे पडतात. तेही झटकून टाका, पुढे त्यांच्याच गुठळ्या होतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, मिळालं तर वेगळं बांधा. सगळ्यांत मऊ तेच.

दोन गोष्टी विचारल्याशिवाय लोकर उचलू नका. गोचिडांसाठी औषध कधी फवारलं? नुकतंच फवारलं असेल तर ती लोकर नको. आणि लोकर जिवंत मेंढराचीच आहे ना? मेलेल्या जनावराची फुकटसुद्धा घेऊ नये. काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू लोकरीत वर्षानुवर्षं टिकतात आणि घरच्या धुण्याने मरत नाहीत. कच्ची लोकर झटकताना तोंडाला फडकं बांधा, हाताला जखम असेल तर हातमोजे घाला.

बांधायला सुती चादर किंवा जुनं धोतर घ्या. तागाच्या पोत्याचे धागे लोकरीत शिरतात. प्लॅस्टिकच्या गोणीच्या पट्ट्या तर त्याहून वाईट, रंग देताना त्या तशाच पांढऱ्या उरतात. ओलसर लोकर कधीही घट्ट बांधू नका, आतून गरम होऊन पिवळी पडते आणि कुजू लागते. लोकलने आणणार असाल तर मालडब्यातून आणा. दहा किलोंचं गाठोडं आणि त्याचा वास, दोन्ही गर्दीत मावणारे नाहीत.

प्रश्न : कल्याणच्या पुढे उतरलेल्या मेंढपाळांकडून थोडी लोकर घेतली. वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात धुतली, तर तिचा घट्ट गोळा झाला. तो सुटेल का? – एक वाचक, गोरेगाव

उत्तर : सुटणार नाही. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात. जेन, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण, याच गुणावर बनतं, फक्त तिथे ते मुद्दाम केलेलं असतं. तुमच्या गोळ्याचे कापून गरम भांड्याखाली ठेवायचे तुकडे करता येतील.

पुढच्या वेळी असं करा. अर्धा किलो लोकर कांद्याच्या जाळीच्या पिशवीत सैल भरा आणि वीस लिटरच्या टबात रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. घामाचे क्षार आणि बरीचशी माती यातच निघते. मग पन्नास-साठ अंशांचं पाणी घ्या, म्हणजे हात फार वेळ ठेवता येणार नाही इतकं गरम. त्यात चार चमचे भांड्यांचं लिक्विड आधी मिसळा आणि नंतर पिशवी दाबून बुडवा. ढवळू नका, चोळू नका, वरून नळ सोडू नका. पंधरा-वीस मिनिटांत, पाणी गरम असतानाच, पिशवी उचला. पाणी निवलं की सुटलेली चरबी परत केसांवर बसते. तितक्याच गरम पाण्यात दोनदा खळबळा. गरमातून एकदम थंडात टाकलं की पुन्हा गोळा. धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर वापरू नका, त्यांनी केस खरखरीत आणि कमजोर होतो. मशीन फक्त पाणी पिळायला वापरा, तेही पिशवीसकट. दख्खनी, म्हणजे आपल्याकडच्या मेंढरांच्या, लोकरीत चरबी कमी असते, त्यामुळे एक साबणपाणी बहुधा पुरतं.

मळकं पाणी न्हाणीच्या जाळीतून थेट सोडू नका. आधी फडक्यातून गाळा. केस आणि चरबी मिळून पाइपात जो बोळा बसतो, तो खालच्या मजल्यापर्यंत भांडण पोचवतो.

प्रश्न : धुतलेली लोकर मुंबईच्या पावसाळ्यात टिकवायची कशी? – एक वाचक, परळ

उत्तर : भीती दोन गोष्टींची, बुरशी आणि कसर. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषूनही हाताला कोरडीच वाटते. म्हणून मे महिन्यातच ऊन दाखवून, थंड होऊ देऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. जूननंतर डबा शक्यतो उघडू नका. कसरीची अळी मळकी, घामट लोकर आधी खाते, तेव्हा अर्धवट धुतलेली लोकर ठेवणं म्हणजे तिला आमंत्रणच. शंका आली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. कडुनिंबाचा पाला कसरीला लांब ठेवायला थोडाफार उपयोगी, पण आत शिरलेली अळी त्याने मरत नाही.

प्रश्न : या लोकरीचा मुलांसाठी स्वेटर होईल का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : टोचेल. केसाची जाडी तीस मायक्रॉनच्या वर गेली की अंगाला बोचतं, आणि दख्खनी लोकर त्याहून बरीच जाड. मेरिनोची जाडी वीसच्या आसपास असते. आसन, सतरंजी, घोंगडी, उशीचं भरण यांसाठी मात्र ही उत्तम. उशीत भरण्याआधी हाताने चांगली मोकळी करून पिंजून घ्या आणि नाकाला लावून पाहा. उन्हाळ्यात जेमतेम जाणवणारा वास जुलैत भपकन येतो.

प्रश्न : टाकून दिलेली लेंड्यांची लोकर बाल्कनीतल्या कुंड्यांत चालेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : चालेल. बारीक कापून मातीखाली दोन-तीन बोटं पुरा. वर ठेवलीत तर कावळे घरट्यासाठी ओढून नेतात. कुजायला काही महिने लागतात, पण नत्र भरपूर मिळतं आणि माती ओल धरून ठेवते. रात्रभर भिजवलेलं पहिलं, बिनसाबणाचं पाणीही तितकंच साधं पाणी मिसळून कुंड्यांना घाला. त्यात पालाश असतं.