परक्या देशाची उणीदुणी काढताना

गावखडी, जि. रत्नागिरी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल शेजारच्या पोराने उघडून दिली, मग चष्मा लावून सावकाश वाचली. जर्मनीच्या हॉस्पिटलात जेवणाच्या सुट्टीत तू बोलून गेलीस की शिकलेल्या नर्सला इथे आयाची कामं करावी लागतात, साधी आयव्ही (सलाईनची सुई) लावायला डॉक्टरची वाट बघत बसावं लागतं, आणि रात्री अख्ख्या वॉर्डाला दोघीच, हे तुमच्या प्रगत देशाला शोभत नाही. त्यावर ती जुनी सिस्टर म्हणाली, “नाही आवडत तर परत जा.” टेबलावर कोणीच काही बोललं नाही, आणि रात्रभर तुला झोप नाही. आता विचारतेस की ज्यांच्या देशात राहतो, कमावतो, त्यांना नावं ठेवायचा आपल्याला हक्क आहे का.

हक्काचं आधी उरकते, ते कागदावरच आहे. जर्मनीच्या 1949 च्या राज्यघटनेतल्या पाचव्या कलमाने मत मांडायचा हक्क ‘प्रत्येकाला’ दिलाय, नुसत्या जर्मनांना नाही. आठव्या कलमातला सभा भरवण्याचा हक्क ‘सर्व जर्मनांचा’ आहे, पण परकीयांना तो साध्या कायद्याने मिळतो. आपल्याकडे बघ, कलम 19 मधलं भाषणस्वातंत्र्य फक्त नागरिकांचं. परदेशी माणसाला कलम 21 चं, म्हणजे जीविताचं, संरक्षण आहे, 19 चं नाही. म्हणजे तू तिथे जेवढं बोलू शकतेस, तेवढं ती सिस्टर उद्या रत्नागिरीत राहायला आली तर हक्काने बोलू शकणार नाही. हे तिला ऐकवायचा मोह मात्र आवर. आणि एक ध्यानात ठेव, माणसाचा तोंडावर अपमान करणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. धोरणाला कितीही नावं ठेव, पण समोरच्याला मूर्ख म्हणू नको, वर्दीतल्याला तर नाहीच.

मी नर्स म्हणून ओमानला, मस्कतला गेले तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सुलतानांबद्दल, राज्यकारभाराबद्दल ब्र काढायचा नाही, हे जुन्या नर्सेस पहिल्या दिवशीच कानात सांगायच्या. ते बरोबरच होतं. जिथला कायदा तसा आहे तिथे शौर्य दाखवायला आपण गेलेलो नसतो, मागे घर असतं. पण त्या गप्प राहण्याची सवय अशी लागायची की पगार अडकला तरी बायका बोलायच्या नाहीत. पासपोर्ट एजंटाच्या कपाटात, खोलीत माणसावर माणूस, तरी “देश त्यांचा, आपण कशाला बोला.” नोकरी बदलायची तर आधीच्या मालकाचं ना-हरकत पत्र हवं, ते तो देणार नाही, म्हणून सगळंच गिळायचं. ओमानने ती अट 2021 पासून काढली. अगं, पगार उशिरा झाला हे म्हणणं म्हणजे ओमानला नावं ठेवणं नव्हे. कुवेतमध्ये मंगाफच्या कामगारांच्या इमारतीला जून 2024 मध्ये आग लागली, त्यात आपली चाळीसहून जास्त माणसं गेली. कोंबलेल्या खोल्यांबद्दल आधी कोणी तोंड उघडलं असतं तर त्याला उपरा, कृतघ्न म्हटलं असतं. पाहुण्याने कसं वागावं याचे धडे द्यायला मालकलोकांना नेहमीच आवडतं, त्यांचे पैसे वाचतात त्यात.

तेव्हा तू बोललीस याचं मला वाईट वाटलं नाही. बोललीस कशी, ते बघू.

तू एका दमात तीन गोष्टी बोललीस आणि तिन्ही वेगळ्या आहेत. पहिली आयाच्या कामाची. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालायला मावशी, स्ट्रेचर ओढायला मामा आणि भरवायला नातेवाईक. सिव्हिलच्या वॉर्डात खाटेखाली चटई टाकून झोपलेला मुलगा किंवा सून नसेल तर पेशंटचे हाल कुत्रा खात नाही, हे आपण जाणतो. तिथे नातेवाईक भेटीच्या वेळेत येतो, फुलं ठेवतो आणि जातो. मग धुणं-पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे नर्सिंगच झालं. त्यांच्याकडे बहुतेक नर्सेस कॉलेजात नाही, हॉस्पिटलच्या शाळेत तीन वर्षं काम करत तयार होतात आणि पहिल्या दिवसापासून हेच शिकतात. स्पंजिंग करताना माकडहाडाजवळ लाली दिसली की बेडसोअर दोन दिवस आधी कळतो. भरवताना घास अडकतोय का, ते चार्टवर नाही दिसत, चमचा हातात असला की दिसतं. तुला हलकं काम वाटतं कारण आपल्याकडे ते हलक्या मानलेल्या माणसांना दिलंय. का, कोणाला, कधीपासून, हे मी तुला सांगायला नको. या बाबतीत तुझी तक्रार जर्मनीबद्दल नव्हतीच मुळी.

दुसरी आयव्हीची. तो त्यांच्या कामाच्या वाटणीचा भाग आहे, जबाबदारी कोणावर येते त्यावर ठरतो. तुझा हात चांगला आहे, मला ठाऊक आहे. तुझ्या नर्सिंगच्या मान्यतेचे कागद आणि बी-टू ही जर्मन भाषेची परीक्षा होईपर्यंत तू तिथे मदतनीस म्हणून धरली जातेस, ते टोचतं. इथे तक्रार नको, प्रश्न विचार. “आमच्याकडे हे नर्स करते, तुमच्याकडे डॉक्टरने करायचं कसं ठरलं?” असं विचारलंस तर ती सिस्टरच पाऊण तास डॉक्टरांना शिव्या घालेल, बघ. आपल्या देशाला नावं ठेवण्यात जर्मन माणूस आपल्याला हार जाणार नाही. रेल्वेचा उशीर एवढा विषय काढून दे नि गंमत बघ.

तिसरी रात्रीची. ती खरी. आणि तीच तू वाया घालवलीस.

सांगते कसं. आमच्याकडे थंडी पडायला लागली की आंब्याच्या बागांतून नेपाळी येतात. राखण, फवारणी, पुढे घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन काढणी, पेट्या भरणं, सगळं तेच. मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटींवर खलाशीही तेच. भारत-नेपाळच्या 1950 च्या तहामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, पण मत नाही, रेशन नाही, आणि नाव विचारायची तसदीही कोणी घेत नाही, सगळे ‘बहादूर’. परवा शेजारच्या कलमांत फवारणी चालली होती. तोंडाला टॉवेल गुंडाळून एकजण पाइप धरून, अंगावरून औषध ठिबकतंय. दुपारी तो बागायतदाराला म्हणाला, “सेठ, मास्क दो, चक्कर आता है.” इथवर ठीक होतं. मग म्हणाला, “इधर का मालिक लोग दवा में पैसा डालता है, आदमी में नहीं.” झालं! मालक उसळला. “नाय परवडत तर जा तुझ्या नेपाळात.”

तुझ्या सिस्टरचंच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द.

मी दगडी गडग्यापलीकडूनच हाक मारून त्याला सावलीत बसवलं, डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, घाम, तोंडाला पाणी. अंगावरचे कपडे काढायला लावून साबणाने धुतलं आणि रिक्षा बोलावून आरोग्य केंद्रात पाठवलं. तो आता बरा आहे. पण मी त्या दोन वाक्यांचा विचार करत राहिले. त्याची दोन्ही वाक्यं खरी होती. मालकाने उत्तर मात्र दुसऱ्यालाच दिलं, कारण त्याला उत्तर देणं सोपं होतं. मास्क का नाही, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. “इधर का मालिक लोग” म्हटल्याबरोबर त्याला पळवाट मिळाली. भांडण मास्कवरून उठून नेपाळवर आणि कोकणावर गेलं, आणि गावातली चार माणसं, ज्यांना मास्कचं पटलं असतं, तीही मालकाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

तू “तुमच्या प्रगत देशाला” म्हणालीस, तिथे तीच पळवाट दिलीस. तोवर त्या टेबलावर प्रत्येकीला माहीत होतं की रात्री दोघी पुरत नाहीत, त्या सिस्टरला तर तुझ्याहून जास्त. तुझ्या त्या तीन शब्दांनी ती तुझ्यासारखी थकलेली नर्स राहिली नाही, जर्मन झाली. खरी तक्रार असेल तेव्हा देशाचं नाव काढायचंच नाही. वॉर्ड म्हण, पाळी म्हण, तारीख म्हण.

कोणासमोर बोलतो यानेही फरक पडतो. मिस मेयो म्हणून एक अमेरिकन बाई होती, काही महिने हिंदुस्थानात हिंडली आणि 1927 मध्ये आपल्या बालविवाहांवर, अस्वच्छतेवर जाडं पुस्तक काढलं. गांधीजींनी त्याला गटार तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच लेखात ते असंही म्हणाले की हे पुस्तक अमेरिकन आणि इंग्रजांपुढे ठेवण्याच्या लायकीचं नाही, पण प्रत्येक हिंदी माणसाने वाचलं तर त्याचा काही फायदाच होईल. हे कोणी सांगत नाही. दोनच वर्षांत, 1929 मध्ये, बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा झाला, तो आपल्याच लोकांच्या कित्येक वर्षांच्या खटपटीतून. बाईने लिहिलेलं सगळं खोटं नव्हतं, पण ती सांगत होती ते आपल्याला नव्हे, आपल्यावर राज्य करणाऱ्यांना. तूही आईला आणि इथल्या मैत्रिणींना फोनवर जर्मनांचे किस्से रंगवून सांगतेस, माझ्या कानावर येतात. हसून घ्या, मन हलकं करा, त्याला ना नाही. पण त्याला टीका म्हणू नये, त्याने तुझ्या वॉर्डात तिसरी नर्स येणार नाही.

गणपतीला येणारा चाकरमानी बघ ना. उतरल्यापासून चालू, नेट नाही, रस्ता नाही, लोकांना शिस्त नाही. रस्त्याचं तर खरंच आहे, मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. तरी त्याचं बोलणं गाव या कानाने ऐकून त्या कानाने सोडतं. आणि त्यातलाच एखादा रजा वाढवून ग्रामसभेला बसतो, वाडीच्या पाण्याचा अर्ज स्वतः लिहितो, त्याने कितीही कडक बोललं तरी गाव ऐकतं. वर्षं किती काढली याला फार अर्थ नाही. तिथे वीस-वीस वर्षं राहून भाषा न शिकता कुरकुरणारेही आहेत.

राजकारणाचं विचारलंस. परकीयांविरुद्ध बोलणारा पक्ष तिथे फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत 20.8 टक्के मतं घेऊन दुसरा आला, आणि वॉर्डात त्यावर बोलणं चालतं. तुला मत नाही, तेव्हा कोणाला मत द्यावं यावर भाषण नको. पण बोलणं तुझ्यावरच आलं, तर मान खाली घालून बसायचंही कारण नाही. “मी इथे काम करते, कर भरते, आणि हे ऐकून मला भीती वाटते,” एवढं म्हण. “तुम्हाला आमची गरज आहे म्हणून आलो” हे टाळ, खरं असलं तरी. आपल्या महाराष्ट्र सरकारने त्यांच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी फेब्रुवारी 2024 मध्ये माणसं पाठवायचा करार केला तो त्यांची निकड होती म्हणूनच. पण ते तोंडावर फेकलंस की सौदा होतो, मग तोही हिशेब काढायला बसेल.

त्यांना खूश करायला आपल्या देशाची धुणी धुऊ नको, हेही सांगते, कारण ते मी मस्कतला रोज बघायचे. आणि कोणी जातीबद्दल, हुंड्याबद्दल विचारलं तर अंगावर धावून जाऊ नको. जे आहे ते आहे म्हणून सांग. आपल्या घरातलं खरं सांगणाऱ्या माणसाने त्यांच्या घराबद्दल काही म्हटलं तर ते जास्त ऐकलं जातं, हा माझा अनुभव.

आता कामाचं. रात्री माणसं कमी पडून पेशंटला धोका असेल तर तसं लेखी कळवायची पद्धत तिथे हॉस्पिटलांत रुळलेली आहे, कामाचा ताण हाताबाहेर गेल्याची नोंद म्हणून. त्यांच्या 1996 च्या कामगार-सुरक्षा कायद्याने तर तातडीचा धोका दिसला की तो कळवणं कर्मचाऱ्याचं कर्तव्यच ठरवलंय. हे करताना तू पाहुणी नाहीस, कर्मचारी आहेस. खासगी हॉस्पिटल असेल तर कामगारांची निवडून आलेली समिती असू शकते, तिच्या मतदानाला नागरिकत्व बघत नाहीत, सहा महिने नोकरी झाली की उभंही राहता येतं. सरकारी आणि चर्चच्या हॉस्पिटलांत तशाच पण वेगळ्या नियमांच्या समित्या असतात. तुमच्याकडे कोणती आहे ते विचारून घे.

नोंद छोटी ठेव. तारीख, पाळी, पेशंट किती, आपण किती जणी, काय करायचं राहिलं: कोणाची कूस बदलता आली नाही, कोणती बेल किती वेळ वाजत राहिली. डोळ्यांनी बघितलं तेवढंच. सहकाऱ्यांची नावं नकोत, तुलना नको, ‘भारतात’ हा शब्द नको. एक प्रत स्वतःजवळ ठेव. भाषा तपासायला त्या सिस्टरकडेच जा. तीही त्याच रात्रपाळ्या करते, तिचीही कंबर गेलेली असणार. सही करेल न करेल, ती तिची गोष्ट. व्याकरण मात्र सुधारून देईल, जर्मन माणसाला चुकीचं व्याकरण बघवत नाही म्हणतात.

कच्चं लिहून झालं की मला मराठीत सांग काय काय घातलंस ते. आणि बी-टूची तारीख कळव.

तुझी,
सिस्टरकाकू