लाचखोरीत दोषी ठरूनही काकुएई तानाका पुन्हा कसे निवडून आले?

जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना लाच घेतल्याबद्दल न्यायालयाने शिक्षा सुनावल्यानंतरही त्यांच्या मतदारांनी त्यांना भरघोस मतांनी का निवडून दिले, ते मतदार अडाणी होते की विकले गेले होते, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही नव्हे. त्या मतदारांनी रोखठोक हिशेब केला होता आणि त्यांच्यापुरता तो बरोबरही होता. त्याची किंमत मात्र उरलेल्या देशाने मोजली. हे समजण्यासाठी तानाकांच्या आधी त्यांचा मुलूख समजून घ्यावा लागतो.

निइगाता हा प्रांत जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि डोंगरांना अडून सगळे बर्फ याच बाजूला टाकतात. डोंगराळ भागातील गावे तीन-तीन मीटर बर्फाखाली जात, रस्ते बंद होत, आजारी माणसाला पाठीवर घेऊन घाट ओलांडावा लागे आणि घरातले कर्ते पुरुष हिवाळाभर टोकियोला मजुरीसाठी जात. डोंगरापलीकडे, पॅसिफिकच्या बाजूला, त्याच दिवसांत लख्ख ऊन असे. बंदरे, कारखाने आणि लोहमार्ग तिकडेच होते. या प्रांतातील फुतादा नावाच्या खेड्यात ४ मे १९१८ रोजी तानाकांचा जन्म झाला. वडील गुराघोड्यांचा व्यापार करीत, पण त्यांचे धंदे बुडत गेले आणि शेती आईने ओढली. मुलगा बोलताना अडखळत असे; मोठमोठ्याने पाठांतर करून त्याने ती अडचण घालवली आणि पुढे त्याच आवाजावर सभा जिंकल्या. उच्च प्राथमिक शाळेपलीकडे शिक्षण झाले नाही. १९३४ मध्ये टोकियोला येऊन दिवसा पडेल ते काम आणि रात्री तांत्रिक शाळा, असे करीत ते बांधकाम व्यवसायात शिरले. मांचुरियातील सैनिकी नोकरी आजारपणामुळे सुटली आणि १९४३ मध्ये त्यांनी स्वतःची बांधकाम कंपनी काढली.

१९४६ च्या निवडणुकीत ते हरले, १९४७ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी संसदेत पोहोचले. पुढच्याच वर्षी कोळसा खाणींवर सरकारी नियंत्रण आणणाऱ्या विधेयकाच्या संदर्भात लाच घेतल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. जानेवारी १९४९ ची निवडणूक त्यांनी कोठडीत असताना लढवायला घेतली आणि जिंकली. १९५१ मध्ये अपिलात ते निर्दोष सुटले. तेव्हा शिक्षेनंतरही निवडून देण्याचा १९८३ चा प्रसंग त्यांच्या मतदारांना अगदीच नवा नव्हता, हे लक्षात घ्यावे.

तानाका केवळ भाषणबाज पुढारी नव्हते. जपानमध्ये बहुतेक विधेयके मंत्रालयांकडून येतात, परंतु त्यांनी खासदार या नात्याने स्वतः मांडलेल्या विधेयकांपैकी ३३ विधेयकांचे कायदे झाले, असे सांगितले जाते. त्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९५३ चा कायदा, ज्याने पेट्रोलवरील कराचे उत्पन्न रस्त्यांसाठी राखून ठेवले. गाड्या वाढल्या की कर वाढणार, कर वाढला की रस्ते वाढणार, आणि रस्ते वाढले की गाड्या आणखी वाढणार. अर्थखात्यापुढे दरवर्षी हात पसरण्याची गरजच उरली नाही. ही राखीव व्यवस्था २००९ पर्यंत टिकली.

मतदारसंघात त्यांची ‘एत्सुझानकाई’ नावाची समर्थक संघटना होती आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. पूल, बोगदा, शाळा, धरण, जे काही हवे असेल त्याची मागणी गावातील शाखेकडून वर जाई. तिथे कोणते काम आधी घ्यायचे हे ठरे आणि मग ती मागणी तानाकांमार्फत संबंधित मंत्रालयात पोहोचे. काम मंजूर झाले की स्थानिक कंत्राटदाराला ठेका मिळे, हिवाळ्यात टोकियोला जाणाऱ्या माणसाला गावातच मजुरी मिळे, आणि निवडणुकीत तोच कंत्राटदार आणि तोच मजूर राबत. टोकियोतील मेजिरो भागात त्यांचा प्रशस्त वाडा होता. तिथे रोज सकाळी निवेदने घेऊन आलेल्यांची रांग लागे, आणि हो किंवा नाही हे काही मिनिटांत कळे. (आपल्याकडच्या वाचकाला हा दरबार ओळखीचा वाटेल, पण तिथे होकार म्हणजे खरोखर होकार असे.) शिओदानी या सुमारे साठ घरांच्या वस्तीसाठी त्यांनी डोंगरातून बोगदा मंजूर करवून घेतला, तेव्हा टोकियोच्या वर्तमानपत्रांनी उधळपट्टी म्हणून टीका केली. हिशेबाच्या दृष्टीने ती टीका योग्यच होती, परंतु बर्फात घाट ओलांडताना माणसे गमावलेल्या वस्तीला ती कशी पटावी?

वरची चढण मी थोडक्यात सांगतो. १९५७ मध्ये ३९ व्या वर्षी ते टपाल व दूरसंचार खात्याचे मंत्री झाले आणि त्यांनी प्रादेशिक दूरचित्रवाणी केंद्रांना एका फटक्यात परवाने दिले. १९६२ मध्ये अर्थमंत्री झाल्यावर, टोकियो विद्यापीठातून आलेल्या उच्चशिक्षित अधिकाऱ्यांशी या अल्पशिक्षित मंत्र्याचे कसे जमणार, अशी शंका होती. त्यांनी अधिकाऱ्यांना काम करायला मोकळीक दिली, जबाबदारी स्वतःवर घेतली आणि खाते जिंकले. १९६५ मध्ये यामाइची ही रोखे कंपनी बुडायला आली असताना मध्यवर्ती बँकेकडून तिला विशेष कर्ज देववण्याचा निर्णयही त्यांनीच रेटला. जुलै १९७२ मध्ये सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ताकेओ फुकुदा यांना हरवून ते पंतप्रधान झाले आणि त्याच सप्टेंबरमध्ये बीजिंगला जाऊन चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांच्यासह संयुक्त निवेदनावर सही करून चीनशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. माझ्या दृष्टीने ही त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी.

घसरणही तितकीच वेगवान होती. द्रुतगती मार्ग, शिंकान्सेन (अतिवेगवान रेल्वे) आणि नवी शहरे यांनी सारा देश जोडण्याची त्यांची योजना जाहीर होताच सट्टेबाजांनी जमिनी घ्यायला सुरुवात केली आणि भाव भडकले. त्यात १९७३ चे तेलसंकट आले आणि १९७४ मध्ये ग्राहक किमती वीस टक्क्यांहून अधिक वाढल्या. त्या वर्षी ‘बुंगेई शुंजू’ मासिकात ताकाशी ताचिबाना या पत्रकाराने जमिनींचे व्यवहार आणि नाममात्र कंपन्या यांचा माग काढून तानाकांच्या संपत्तीची चिरफाड केली आणि डिसेंबरमध्ये त्यांचे पंतप्रधानपद गेले.

खरा घाव १९७६ मध्ये बसला. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीने आपली विमाने खपवण्यासाठी परदेशांत लाच दिल्याची कबुली दिली. ऑल निप्पॉन एअरवेज या जपानी कंपनीने लॉकहीडची ट्रायस्टार विमाने घ्यावीत म्हणून मारुबेनी या व्यापारी कंपनीमार्फत तानाकांना ५० कोटी येन पोहोचवल्याचा आरोप होता. पावत्यांवर येनऐवजी ‘पीनट्स’ लिहिलेले होते, एक शेंगदाणा म्हणजे दहा लाख येन. रोकड खोक्यांत भरून चार खेपांत दिली गेली, त्यांतली एक खेप ब्रिटिश वकिलातीच्या मागच्या रस्त्यावर. २७ जुलै रोजी अटक झाल्यावर तानाकांनी पक्ष सोडला, पण आरोप शेवटपर्यंत नाकारले.

यानंतरचा काळ मला सर्वांत विलक्षण वाटतो. कागदोपत्री अपक्ष असलेला हा खासदार सत्ताधारी पक्षातला सर्वांत मोठा गट चालवीत होता, आणि ओहिरा, सुझुकी व नाकासोने हे तिघेही पंतप्रधान त्याच्या पाठिंब्यावर आले. नोव्हेंबर १९८२ मध्ये निइगाताला शिंकान्सेन सुरू झाली. १२ ऑक्टोबर १९८३ रोजी न्यायालयाने चार वर्षे कैद आणि ५० कोटी येन दंड ठोठावला, तानाकांनी अपील केले, आणि डिसेंबरमध्ये निवडणूक झाली. प्रसिद्ध लेखक अकियुकी नोसाका त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि साफ हरले. पाच खासदार निवडून देणाऱ्या त्या मतदारसंघात तानाकांना एकट्याला २,२०,७६१ मते पडली, म्हणजे जवळजवळ निम्मी. त्याच निवडणुकीत त्यांच्या जुन्या पक्षाने देशभर मार खाल्ला आणि स्वबळावरचे बहुमत गमावले. म्हणजे न्यायालयाचा तोच निकाल बाकीच्या जपानला लाज वाटायला लावणारा होता आणि निइगाताला आपल्या माणसावरचा हल्ला वाटणारा.

त्यांना न्यायालयाने नव्हे, त्यांच्याच माणसांनी संपवले. फेब्रुवारी १९८५ मध्ये नोबोरु ताकेशिता यांनी गटाच्या आतच स्वतःचा गट काढला आणि त्याच महिन्यात तानाकांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणे गेले, १९९० मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयातील अपील प्रलंबित असतानाच १६ डिसेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाल्याने खटला तिथेच संपला. कन्या माकिको त्याच वर्षी निवडून आल्या होत्या. २००१ मध्ये त्या परराष्ट्रमंत्री झाल्या. ताकेशिता, हाता, हाशिमोतो आणि ओबुची हे चार पंतप्रधान तानाकांच्याच गटातून आले, आणि २०२४ मध्ये पंतप्रधान झालेले शिगेरु इशिबा यांनाही, वडिलांच्या निधनानंतर राजकारणात उतरण्याचा आग्रह तानाकांनीच केला होता.