हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय, फ्लाइंग स्कूल कशी निवडू?

जी शाळा आपल्याच विद्यार्थ्यांना पुढे प्रशिक्षक म्हणून ठेवून घेते ती निवडा. फीचा आकडा त्यानंतर बघा. लायसन्स मिळालं तरी दीडदोनशे तासांच्या अनुभवावर टर्बाइन हेलिकॉप्टर (जेटसारख्या इंजिनाचं, मोठं आणि महागडं) सहसा कोणी हाती देत नाही. बऱ्याच कंपन्या हजाराच्या आसपास तास मागतात, आणि ते भरण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे इतरांना शिकवणं. गेल्या वर्षी किती जणांना ठेवलं, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा, ऑफिसात नको. पूर्ण फी आगाऊ भरू नका: २००८ मध्ये अमेरिकेतली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स अचानक बंद पडली आणि विद्यार्थ्यांचे पैसे अडकले. मेडिकल मात्र आधीच करून घ्या. वजन १०९ किलोच्या वर असेल तर रॉबिन्सन आर२२ या शिकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या दोन सीटच्या हेलिकॉप्टरची सीट चालत नाही. मग त्याच कंपनीच्या चार सीटच्या आर४४ वर शिकावं लागतं आणि खर्च बराच वाढतो.