घराचा तोंडवळा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तळेगाव दाभाडेजवळ आमचा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. दिवाळीनंतर बांधकाम सुरू करायचं आहे. आसपासचे सगळे नवे बंगले एकसारखे दिसतात : पांढरा-करडा रंग, लाकडी रंगाच्या उभ्या पट्ट्या, काचेचा कठडा, वर सपाट स्लॅब. आम्हाला आलेलं थ्रीडी एलिव्हेशन, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचं चित्रही तसंच आहे. वेगळं काय करता येईल?

उत्तर : आधी हिशोब मांडू. तुमचा प्लॉट ९.१४ बाय १५.२४ मीटरचा. समजा समोर ३ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडले, तर बांधायला उरतात ६.१४ बाय १०.७४ मीटर. समोरच्या सहा मीटरमधले अडीच-तीन मीटर गाडी खाते. उरलेल्या तीन मीटरांत हॉल किंवा जिना. शेजाऱ्याचं गणितही हेच, त्यामुळे नकाशे सारखेच येतात, आणि मग वेगळेपण आणायचं म्हणून दर्शनी भिंतीवर पट्ट्या आणि चौकटी चिकटवल्या जातात. त्या सगळ्यांकडे एकाच प्रकारच्या थ्रीडी चित्रांतून येतात, म्हणून त्याही सारख्याच.

सारखेपणा हा मुळात दोष नव्हे. कोकणातल्या एका वाडीतली घरंही सारखीच असत : जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी. पण तिथला सारखेपणा पावसातून आणि हाताशी असलेल्या दगडातून आलेला होता. आजच्या एलिव्हेशनला ऊन कुठून येतं आणि झड कुठून येते, हेच ठाऊक नसतं. पूर्वेच्या घराला आणि पश्चिमेच्या घराला एकच चेहरा लावला जातो. तुम्ही सुरुवात इथूनच करा.

दक्षिणेची बाजू सोपी. तुमच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी सुमारे ७१ अंशांवर. खिडकीच्या लगेच वर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर मार्चमध्ये त्याची सावली पावणेदोन मीटर खाली उतरते, म्हणजे १.२ मीटर उंचीची खिडकी पूर्ण झाकते. डिसेंबरात ती ६७ सेंटिमीटरवर थांबते आणि थंडीतलं हवंहवंसं ऊन खालून आत येतं. एका छज्ज्यात दोन्ही कामं होतात.

पश्चिमेला हे गणित चालत नाही, आणि तुमचं तोंड नेमकं पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला सूर्य सुमारे ३२ अंशांवर असतो. तोच ६० सेंटिमीटरचा छज्जा तिथे जेमतेम ३८ सेंटिमीटर सावली देतो. पूर्ण खिडकी झाकायला जवळजवळ १.९ मीटर पुढे आलेलं छत लागेल. म्हणजे ओसरी! गाडीच्या जागेवरचं छतच दर्शनी भिंतीच्या पूर्ण रुंदीभर न्या आणि हॉलची खिडकी त्याच्या मागे घ्या. मात्र समोरच्या मार्जिनमध्ये, म्हणजे सोडलेल्या मोकळ्या जागेत, किती आणि काय चालतं, हे नकाशा मंजुरीला देण्याआधी आर्किटेक्टकडून लेखी घ्या. वरच्या मजल्यावर पश्चिमेला जिना, बाथरूम, कपाटं ठेवा, बेडरूम पूर्वेला. पश्चिमेची खिडकी टाळता येत नसेल तर लहान आणि उभी ठेवा, बाहेरून विटांची किंवा टेराकोटाची जाळी द्या. काचेच्या कठड्याऐवजी लोखंडी गज लावले की वारा अडत नाही.

टू-ट्रॅक सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते, एवढं लक्षात ठेवून खिडक्या निवडा. बिजागऱ्यांची झडपांची खिडकी पूर्ण उघडते.

इतकं केलंत तर घराच्या चारही बाजू आपोआप वेगळ्या दिसतील. थ्रीडी चित्र त्यानंतर मागवा.

प्रश्न : चिपळूणला दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या बंगल्याच्या धर्तीवर घर बांधलं. खिडक्यांवर छज्जे नाहीत, भिंत वरपासून खालपर्यंत सपाट. दोन्ही पावसाळ्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून ओल आली, रंगाचे पोपडे निघाले. वॉटरप्रूफ रंग दिला, तरी तेच.

उत्तर : वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या गावात सपाट भिंत म्हणजे पाण्याची घसरगुंडी. गच्चीच्या कठड्यावर पडलेलं पाणी भिंतीवरून उतरतं, खिडकीच्या वरच्या कडेला वळून चौकटीच्या फटीत शिरतं. रंगाने हे थांबत नाही. उलट, ओल्या भिंतीवर जाड रबरी थराचा रंग दिला की आतली वाफ अडकते आणि तोच थर फुगून सुटतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालं आहे.

काम मार्च ते मे दरम्यान काढा आणि वरून खाली या. कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या दिशेने उतार देऊन कोपिंग, म्हणजे कठड्यावरचं झाकण, बसवा; त्याच्या दोन्ही कडा भिंतीपासून ४-५ सेंटिमीटर बाहेर हव्यात. खालच्या अंगाला, कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटर आत, साधारण १२ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल ड्रिपची खाच काढा. पाणी या खाचेशी अडतं आणि थेंब होऊन खाली पडतं. खाच नसेल, तर ते कोपिंगच्या पोटाला चिकटून परत भिंतीवर येतं. ही खाच गवंडी हमखास विसरतात. उभं राहून करून घ्या.

आता छज्जे. तयार भिंतीला आरसीसी छज्जा जोडायचा तर लिंटेलमध्ये (खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईत) भोकं पाडून केमिकल अँकरने, म्हणजे सळई पकडून ठेवणाऱ्या रासायनिक गोंदाने, सळ्या बसवाव्या लागतात. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीशिवाय करू नका. सोपा आणि हलका उपाय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंडी ब्रॅकेट, त्यावर पत्रा किंवा कौलं. कोकणात ६० सेंटिमीटर कमी पडतात, ७५ ते ९० घ्या, आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर जास्त लांबी ठेवा, कारण झड तिरपी येते. पत्रा भिंतीला भेटतो तिथे प्लास्टरमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर खोल खाच कापून पट्टीपत्रा आत घुसवा, मग सीलंट भरा. नुसतं सिलिकॉन थापलेला जोड काही पावसाळ्यांतच सुटतो.

खिडकीच्या खालच्या दगडाला बाहेर उतार आणि ड्रिप आहे का, ट्रॅकमधली पाणी जायची भोकं सिमेंटने बुजली आहेत का, तेही पाहा. सगळ्यात शेवटी पोपडे खरवडून भिंत पूर्ण वाळू द्या, निदान महिनाभर उन्हात, आणि मगच रंग. पश्चिम आणि दक्षिण या झडीच्या बाजू आधी उरका.

प्रश्न : पुण्याच्या उपनगरात नव्या संकुलात फ्लॅट घेतला. बारा इमारती, सगळ्या हुबेहूब. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढून, बाल्कनीची खिडकी मोठी करायची आहे. कंत्राटदार म्हणतो, होईल. करावं का?

उत्तर : नको. तुमच्या वर्णनावरून हे मायवान पद्धतीचं बांधकाम असावं. त्यात ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र काँक्रीटने ओततात. साचा महाग, पण दोनशेहून अधिक वेळा वापरता येतो, आणि जितक्या वेळा वापरला तितका स्वस्त पडतो. म्हणून एकच नकाशा बारा इमारतींत. यात बहुतेक भिंती भार पेलतात. एक भिंत काढली तर वरच्या सगळ्या मजल्यांचा भार वाहून नेणारा रस्ताच तुटतो. वायरिंगचे पाइपही भिंतीतच ओतलेले असतात, त्यामुळे नवी झिरीसुद्धा मारू नये. भिंत वाजवून अंदाज येतो, पण खात्रीसाठी बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागून घ्या. बाहेरची बाजू तर करारानेच बांधलेली असते : महारेराच्या (राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाच्या) नमुना करारात इमारतीचं एलिव्हेशन आणि बाहेरची रंगसंगती न बदलण्याची अट आहे.

न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून सतरा हजारांवर घरं एकाच ठशाची बांधली गेली, काम २७ टप्प्यांत वाटून. पण ती लाकडी सांगाड्याची होती, माळा मुद्दाम अर्धवट ठेवलेला. मालकांनी खोल्या वाढवल्या, छपरं उचलली, आणि आज मूळ रूपातलं घर तिथे मुश्किलीने सापडतं. काँक्रीटच्या भिंतीत ही सोय नाही, म्हणून फ्लॅट घेण्याआधीच नकाशा आपल्या राहणीला जुळतो का ते पाहायला हवं. आता तुमच्या हाती आतलं सामान, बाल्कनीत बांबूची चिक आणि कुंड्या एवढंच आहे. काँक्रीटची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते, तेव्हा पश्चिमेच्या बाल्कनीत चिक खरंच कामाची. मात्र ती बाल्कनीच्या बाहेरून न लावता आतून लावा.

प्रश्न : सांगलीत बंगल्याच्या दर्शनी भागाला एसीपी (मध्ये गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे) लावावं की दगडी क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर दगडाच्या फरश्या?

उत्तर : दोन्ही न लावता चांगलं दोन थरांचं प्लास्टर आणि जोत्यापर्यंत खरा काळा दगड, हे आमचं मत. एसीपी घ्यायचंच असेल तर ज्वलनरोधक गाभ्याचं घ्या. पॉलिथिलीन गाभ्याचे पत्रे आग झपाट्याने पसरवतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली, त्यात या पत्र्यांचा मोठा वाटा होता. दगडाच्या फरश्या डोक्याच्या उंचीच्या वर नुसत्या सिमेंटने चिकटवू नका. उन्हाने भिंत आणि दगड कमी-जास्त प्रसरण पावतात, पकड सुटते आणि फरशी खाली येते. तिथे स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्प लागतात, आणि दोन फरश्यांमध्ये ३ ते ५ मिलिमीटरची फट.